आधी हात दखाड!

देवरे सर विद्यार्थ्याचं प्रमाणपत्र हातात घेतात, ते उलटं टेबलावर ठेवतात आणि अहिराणीत गरजतात, "हात दखाड!" पोरगं बिचकत दोन्ही तळवे पुढे करतं. सर चष्मा कपाळावर चढवून ते निरखतात, बोटांची टोकं दाबून बघतात. नव्या माणसाला वाटावं, धुळ्यातल्या आमच्या देवपूरच्या कॉलेजात कॉमर्सबरोबर ज्योतिषही शिकवतात.

पण सर बघतात ते भविष्य नाही, सुट्टीत काय केलं ते. हल्ली पदवीसाठी कुठेतरी प्रत्यक्ष काम करून चार क्रेडिट मिळवावे लागतात. ओजेटी म्हणतात त्याला. ते नसले तर पदवी अडते. कल्पना चांगलीच आहे, पण आपल्याकडे नियम जन्माला यायच्या आधी पळवाट रांगायला लागलेली असते. ज्याच्या मामाचं दुकान, त्याला मामाचा शिक्का. सुट्टीभर मोबाइल घेऊन लोळलेल्या पोराच्या कागदावर 'अत्यंत मेहनती व वक्तशीर' असं छापलेलं वाचलं, की माझंच डोकं फिरतं. ओजेटीच्या कामात मी सरांची जोडीदार आहे, त्यामुळे ते नेहमी फिरलेलंच असतं.

एकदा एकानं नरडाण्याच्या कारखान्याचं प्रमाणपत्र आणलं. हात लोण्यासारखे मऊ. "हाऊ काम करनारा हात शे का रे?" सरांनी विचारलं. पोरगं म्हणालं, "सर, मी सुपरवायझर होतो." झालं! सर तडक उठले. "चाला ताई!" आणि मी भर उन्हात त्यांच्या खडखडणाऱ्या स्कूटरवर मागे. नरडाण्यात गेटवरच्या वॉचमननं पोराचा फोटो हातभर लांब धरून पाहिला आणि आम्हालाच विचारलं, "हरवला का काय?" परत येताना सर वाटभर ओरडत होते, "बठ्ठं खोटं शे! सगळंच खोटं!" रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा बाजूला होत होत्या.

या जमदग्नीला शांत करणारी एकच गोष्ट होती, त्यांचा डबा. स्टाफरूममध्ये तो उघडला की सरांचा आवाज उतरायचा. कळण्याची भाकरी, शेवभाजी, कधी भरीत. "घ्या ताई, घरनी भाकर शे. आमच्या मंडळींनी पहाटे उठून केलीय." घास घेऊन तारीफ केल्याशिवाय सुटका नसे. तारीफ केली की सर खुश होऊन म्हणायचे, "सांगतो घरी."

तर यंदा कविता नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी आली. शांत, खाली मान घालून बसणारी. तिच्या प्रमाणपत्रावर एका कम्प्युटर सेंटरचा शिक्का होता.

"हात दखाड."

तिनं हात पुढे केले. बोटांवर भाजल्याचे डाग, काही जुने, एक अगदी ताजा.

"कम्प्युटर काय तव्यावर भाजतात का त्या सेंटरात?" सरांनी कागद टराटरा फाडला. "खरं काय शे ते सांग!"

खरं असं होतं, की कविता आईच्या खानावळीत राबत होती. सुट्टीतच नव्हे, वर्षभर. पहाटे भाकऱ्या, मग डबे पोहोचवणं, मग कॉलेज. पण ओजेटीला घरचा धंदा चालत नाही असं कोणीतरी सांगितलं, म्हणून बिचारीनं चारचौघांसारखा शिक्का मिळवला होता. "खरं तेच लिही," सर म्हणाले. तिनं लिहिलं.

आणि तिथेच घोडं अडलं. प्राचार्यांनी आम्हा दोघांना आणि कविताला केबिनमध्ये बोलावलं. "घरकामाला क्रेडिट दिले, तर उद्या प्रत्येक जण आईचं पत्र आणेल."

माझा तोल सुटला. "सर, मामाचं पत्र चालतं आणि आईचं चालत नाही? जो लोळला तो पास, जी राबली ती नापास? हा कुठला न्याय?"

आश्चर्य म्हणजे देवरे सर गप्प होते. त्यांनीच तो कागद फाडला होता, आता पोरीची पदवी लटकली होती, आणि हा माणूस टेबलावरची काच बघत बसला होता! मला त्यांचाही संताप आला.

प्राचार्य जरा नरमले. "बरं, बाहेरचं कोणी सांगेल का, ही खरंच काम करते म्हणून? एखादं कायमचं गिऱ्हाईक?"

कविताची नजर क्षणभर देवरे सरांकडे गेली. लगेच तिनं मान खाली घातली.

"नाही सर. तसं कोणी नाही."

"आहे," देवरे सर म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मी आहे. तीन वर्षं हिच्या हातची भाकरी खातोय. पाऊस असो, थंडी असो, ही सकाळी दारात डबा ठेवून मगच कॉलेजला येते."

"पण सर, तुमच्या घरी तर..." मला राहवेना.

"घरी कोणी नाही. सूनबाईच्या बाळंतपणाला म्हणून आमची मंडळी पुण्याला गेली. तिकडेच राहिली." मग कविताकडे वळून म्हणाले, "आणि तू वो माय? चार क्रेडिट घालवाले निघनी व्हतीस, मनी, या मास्तरनी लाज राखासाठे?"

कविता ओढणीनं डोळे पुसत राहिली. प्राचार्यांनी पेन उचललं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी डबा उघडला. बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचली होती. कोणी मान वर करेना. मी नेहमीसारखी त्यांच्यासमोर बसले, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावून खाल्ला आणि म्हणाले, "शेवभाजी फार छान झालीय सर."

"सांगतो घरी," सर सवयीनं म्हणाले, आणि घास हातात तसाच धरून बसून राहिले.