खाडीपलीकडची तोफ

बापू बाजारात गेले की आधी बांगड्याच्या मरणाची चौकशी. "हो मेलो कधी? तेव्हा तू खंय होतंस?" मासळीवाली वैतागायची, "तो काय माझो सासरो, मरणाची येळ ध्यानात ठेवूक?"

हे आमचे शेजारी. वेंगुर्ल्याच्या एका वकिलाकडे जन्मभर कारकुनी केलेली. वकील गेले, पण उलटतपासणी बापूंच्या अंगात शिरली ती शिरलीच. कोणाचं लग्न ठरो, कोणाला भूत दिसो, बापूंचा सवाल एकच: "कोणी बघल्यान?"

एकसष्ट साली आमच्या आरोंद्यात असल्या माणसाचं काही खरं नव्हतं. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे पोर्तुगीज. चहाच्या हॉटेलात बसल्या बसल्या पलीकडे रोज नवी फौज उतरायची. आमच्यातल्या दाजीने सोमवारी एक तोफ पाहिली, गुरुवारपर्यंत तिच्या तीन झाल्या. तोफांनाही पिल्लं होतात हे मला तेव्हा कळलं. बापूंनी "कोणी बघल्यान?" म्हटलं की गाव भडकायचं, "बापू पोर्तुगीजांचो माणूस!" खोटं कशाला सांगू, मलाही त्यांचा राग यायचा. गोवा सुटायला नको होता काय?

एके दिवशी साध्या वेशातले एक साहेब हॉटेलात येऊन बसले. सरकारला खात्रीची बातमी हवी होती, आणि सरकारला काय हवं ते आमच्या गावाला न सांगता कळतं.

"तोफ नेमकी कुठे?"

"त्या पांढऱ्या घरामागे," दाजी म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावणारच! माडांतून आम्हाला दिसणारं घर तेवढं एकच.

बापू ताडकन उठले. म्हटलं, आता दाजीची सालटी निघणार. पण ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"सायबानू, त्या घरात माझी भयण आसा. नाकेबंदी झाल्यापासून माका थंय जावक गावना नाय. रोज हयसून तिची वाळत घातलेली लुगडी बघतंय. थंय तोफ नाय."

दाजीचं तोंड एवढंसं झालं. "खोटा ता, सायबानू. माका काय दिसाक नाय."

साहेबांनी चहा संपवला. "त्या घराचं वर कालच कळवलंय. आज नुसतं विचारून घेतलं."

"मगे आता नाय म्हणान कळवा." बापूंनी हात जोडले.

"आहे ते कळवतात, आजोबा. नाही ते कोण कळवतं?"

संध्याकाळी बापू खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरले. "शांते, घर सोड गो! शांते!" शेजारी दाजी ओरडत होता, मीही ओरडलो. वारा पलीकडून येत होता. पांढऱ्या घराच्या दारात एक बाई आली. आम्हाला बघून तिने हौसेने हात हलवला आणि पुन्हा आत गेली.