फ्रिजच्या पाठीला वारा

‘कसा आहेस?’ असं विचारलं, की आमच्या बी विंगमधला वसंत परब म्हणतो, ‘बारा पॉइंट सहा.’ नवख्या माणसाला वाटतं, हिमोग्लोबिन सांगतोय. ते त्याच्या बॅटरीचे व्होल्ट असतात. तेराच्या वर असतील तर स्वारी खुशीत. बाराच्या खाली गेले, तर त्या दिवशी त्याच्याकडे चहाला जाऊ नये.

परब सडाफटिंग. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने शाळेची जुनी व्हॅन घेऊन तिची कॅराव्हॅन केली. आत झोपायला फळी, टपावर सोलर पॅनेल आणि मधोमध देवासारखा बसवलेला छोटा फ्रिज. पहिल्याच प्रवासात पेणला गाडी थांबवून तो निवांत जेवला. तेवढ्यात फ्रिजने गाडीचीच बॅटरी पिऊन टाकली. ताक गारेगार, गाडी ठप्प! धक्का मारणाऱ्यांना ताक पाजून तो कांदिवलीला परतला आणि फ्रिजसाठी वेगळी बॅटरी बसवली. गाडी चालताना ती इंजिनावर चार्ज होते, उभी असताना उन्हावर.

तेव्हापासून गाडी उभीच. पण सोसायटीत ऊन सगळ्यांना सारखं मिळत नाही. म्हणून परब सकाळी ती माझ्या जागेत लावतो, दुपारी चेअरमनसाहेबांच्या. साहेबांनी लेटरहेडवर ‘वाहनाच्या अनधिकृत स्थलांतराबाबत’ नोटीस काढली. परबने ती शांतपणे वाचली आणि म्हणाला, ‘एक कॉपी सूर्याला पण पाठवा.’

गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी मधुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळ फारच लवकर आलं. ओंजळीत मावेल एवढी मुलगी. तिला घाटकोपरच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं, मधुराला घरी सोडलं. आईचं दूध थंड ठेवून रोज पोचवायचं होतं. नर्स म्हणाली होती, बर्फाचा डबा चालेल. परब चिडला.

‘बर्फावर विश्वास ठेवतोस? वितळणं हाच त्याचा धंदा, मेल्या! खाली ये, गाडी काढतोय.’

मग रोज आम्ही दोघे, तो फ्रिज आणि त्यातल्या इवल्याशा बाटल्या.

एका दुपारी पवईजवळ सगळं जाम. परबने मीटरकडे पाहिलं. ‘वाट लागली. चार्जिंगची वायर कधी सुटली कोण जाणे.’ वर मेट्रोचा पूल, त्यामुळे ऊनही नाही. त्याने पंखा बंद केला, रेडिओ बंद केला, माझा मोबाइल उपटला आणि हातात वर्तमानपत्र दिलं. मी स्वतःला वारा घालू लागलो.

‘तुला नाय रे! फ्रिजच्या पाठीला घाल. पाठ तापली की तो जास्त करंट खातो.’

साठी उलटलेला मी, गुडघ्यांवर बसून फ्रिजला वारा घालत राहिलो. शेजारच्या बसमधून लोक बघत होते.

‘घालतोयस ना?’

‘घालतोय!’

‘आणि दार उघडू नको. उघडायचं मनातसुद्धा आणू नको.’

हॉस्पिटलात नर्सने बाटल्यांना हात लावला. ‘चांगल्या थंड आहेत,’ म्हणाली. परब भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मी आभार मानायला लागलो, तर म्हणाला, ‘आधी वायर बघूया.’

बाळाने अंग धरलं आणि तिला घरी आणायचा दिवस आला. मागे मधुरा, तिच्या मांडीवर लेक, शेजारी माझी बायको. सोसायटीचं गेट आलं आणि गेलं.

‘परब, गेट मागे राहिलं.’

‘दिसलं मला. पोरगी झोपलीय. इंजिन बंद केलं तर उठेल ती.’

आम्ही चारकोपच्या दिशेने निघालो. रिक्षावाले हॉर्न मारत पुढे जात होते. परब एकालाही शिवी देत नव्हता. मागे दोघी हळू आवाजात बोलत होत्या.

‘एवढी सगळी तयारी करून तू पुन्हा बाहेर का नाही पडलास रे?’ मी विचारलं.

त्याने आणखी एका रिक्षाला पुढे जाऊ दिलं. ‘पेणला जेवायला थांबलो ना, तेव्हा लक्षात आलं. कुठे थांबूया, हे विचारायला बाजूला कोणीच नाय.’

मागून मधुराचा आवाज आला, ‘काका, जरा थांबूया का? उठलीय ही.’

परबने गाडी आणखी हळू केली.

‘थांबूया की. कुठे थांबूया, तूच सांग गं बाय.’