गल्ल्यावरचं फिल्टर

पुष्करचं फिल्टर घरातून नाहीसं झालं, तेव्हा अमरावतीहून अकोल्याची बस सुटायला फार वेळ उरला नव्हता.

फिल्टर म्हणजे पाण्याचं नव्हे. पत्त्याच्या पानाएवढी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या दोन बारीक चकल्या कोरलेल्या. मायक्रोवेव्ह लहरींच्या गर्दीतून हवी तेवढीच पुढे सोडायची, बाकीच्यांना दारातच थोपवायचं, हे तिचं काम. चकलीसारखं गुंडाळल्यानं जागा कमी लागते, हे पुष्करनं दाखवून दिलं होतं. पण कुठंतरी घोडं पेंड खात होतं. लहर दरवेळी ठरल्या जागेच्या थोडी वर जाऊन बसे. ‘आज जमलं नाही तर विषय बदला,’ असं अकोल्याच्या गाइड गीतांजली मॅडमनी बजावलं होतं. म्हणजे पीएचडीचा पुन्हा श्रीगणेशा.

तांबं काळपट पडलं म्हणून पुष्करनंच ते काल आईकडे घासायला दिलं होतं. चिंचेपुढे लॅबमधलं कुठलंही द्रावण फिकं, असं त्याचं ठाम मत होतं.

“मी तर घासून देवाच्या उपकरण्यांसंगं ताम्हणात ठेवलं होतं,” त्याची आई चारुशीलाबाई म्हणाल्या. “बाबांनी नेलं वाटते.”

पुष्करचे वडील कमलाकांत गुरुजी सकाळीच अकोल्याला ओमप्रकाश शेटजींच्या दुकानाच्या उद्घाटनाची पूजा सांगायला गेले होते. पुष्करनं फोन लावला.

“ते तुझं होतं काय?” गुरुजी म्हणाले. “दोन वेटोळी दिसली, मले वाटलं राहू-केतूचं यंत्र. टोकांना नळ्या होत्या, टांगायची सोयही झाली. हळदकुंकू वाहून प्रतिष्ठा करून टाकली बापा.”

“बाबा, ते माझं पीएचडी आहे!”

“मग शुभच आहे ना.”

पुष्कर दुकानात पोचला, तर फिल्टर गल्ल्याच्या वर लटकलेलं, कुंकवानं माखलेलं. पुष्करनं घाईघाईत फिल्टर म्हणजे काय ते समजावलं आणि तिथंच चुकला.

“म्हणजे पायजे तेच आत सोडते, बाकीचं बाहेर अडवते?” शेटजींचे डोळे चमकले. “मंग तर मी देतच नाही! नुसते भाव विचारून जाणारे माह्या दुकानात लई येते.”

शेवटी गुरुजींनी तोड काढली. “शेटजी, संध्याकाळपर्यंत द्या. तुमी संगं चला.”

“चालते. पण कुंकवाले बोट लावू देणार नाही.”

लॅबमध्ये तिघं आले. मॅडमनी लालभडक फिल्टरकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. पुष्करनं पुसायला रुमाल काढला. शेटजींनी त्याचं मनगट धरलं. नाइलाजानं तसंच यंत्राला जोडलं. पडद्यावर रेघ उमटली, खाली घसरली आणि नेमकी ठरल्या जागी येऊन थांबली. पुष्करनं रुमाल गुपचूप खिशात ठेवून दिला.

मॅडमनी रेघ पुन्हा एकदा मोजून बघितली. “कुंकवाच्या थरामुळे लहर खाली आली,” त्या म्हणाल्या. “पण एकदा आलं म्हणजे सिद्ध होत नाही. आणखी नमुने लागतील. थर असाच हवा. कोणी लावला?”

“मी,” गुरुजी म्हणाले. “अनामिकेनं.”

“मग तुम्हीच या. हात बदलायला नको. गुरुवारी जमेल?”

“गुरुवारी अमावास्या आहे.”

मॅडमनी फळ्यावरच्या वेळापत्रकाकडे बघितलं. खडूनं गुरुवार खोडला.

“मग शुक्रवारी किती वाजताचा मुहूर्त आहे, गुरुजी?”