मोज्यांचा सिनेमा

"एकदा बघते," बायको म्हणाली, "पण एकदाच. आणि नाही आवडला, तर या घरात पुन्हा त्या मोज्यांचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," चष्मेवाले म्हणाले.

कोपऱ्यावर त्यांचे चष्म्यांचे दुकान होते, म्हणून अख्खी इमारत त्यांना चष्मेवाले म्हणायची. माणूस सालस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वेड म्हणाल तर एकच. कॉलेजात असताना कुठल्याशा फिल्म क्लबात त्यांनी एक जपानी सिनेमा पाहिला होता, आणि तेव्हापासून तो सिनेमा त्यांच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. एका लाँड्रीत कपडे अंगात आल्यासारखे वागू लागतात आणि गावावर उठतात, अशी ती गोष्ट. ती सांगायला त्यांना कुणीही चालायचे. गिऱ्हाईक एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरे वाचत असले की चष्मेवाले हळूच विचारायचे, "शेवटची ओळ दिसत नाही? असू दे. तुम्ही कधी टायला माणसाला गळ्याला धरून समुद्रात नेताना पाहिलंय?" काही गिऱ्हाइके चष्मा न घेताच निघून जात.

बायकोने मात्र लग्न झाल्यापासून त्या सिनेमाला दाद दिली नव्हती. जोडीदार शोधत गावभर रडत हिंडणारे मोजे, मुंडकं नसलेला आणि तरी नाचणारा ओव्हरकोट, हे सगळे तिने पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, तापात पडलेली असतानासुद्धा ऐकले होते. बघायचे म्हटले की तिला नेमके कपाट आवरायचे असायचे.

गंमत अशी, की चष्मेवाल्यांनाही त्या सिनेमातला एक शब्द कळला नव्हता. क्लबातल्या प्रतीला भाषांतराच्या ओळी नव्हत्या, आणि पुढे जी जुनी टेप त्यांनी झिजेपर्यंत पाहिली तिलाही नव्हत्या. पण त्यांच्या मते गोष्ट उघड होती. लाँड्रीवाल्याची मेलेली बायको भूत होऊन धुलाईच्या यंत्रातून बाहेर येते. केसांतून पाणी ठिबकतेय, हातात टॉर्च. आणि ती सिंकखाली, नळाखाली, कपाटामागे वाकून वाकून आपल्या नवऱ्याला शोधत राहते. याहून मोठी प्रेमकथा जगात झालेली नाही, असे त्यांचे ठाम मत होते. शेवटी ती एक लांबलचक वाक्य बोलते. त्या वाक्याला चष्मेवाले दरवेळी रडत. ते वाक्य काय आहे, हे जाणून घ्यायची आस त्यांना इतकी वर्षे लागली होती.

आणि आता एका गिऱ्हाइकाने त्यांना भाषांतराच्या ओळींसकट नवी प्रत मिळवून दिली होती. बायकोबरोबरच ती पहिल्यांदा बघायची, म्हणून त्यांनी ती उघडूनही पाहिली नाही. घरच्या टीव्हीवर नको, मोठ्या पडद्यावर हवी, म्हणून ते इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेले. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पडदा होता, प्रोजेक्टर होता.

"हॉल देतो की," सेक्रेटरी म्हणाले, "पण मग सगळ्यांना बोलवायला हवं. कशावर आहे?"

"जपानी आहे. एका लाँड्रीवर."

"वा! म्हणजे उपयुक्त आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि कामाला लागले.

रविवारी संध्याकाळी चष्मेवाले इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले, तर हॉल गच्च भरलेला. त्यांना गहिवरून आले. एवढी रसिक माणसे आपल्या इमारतीत राहतात आणि आपण त्यांना ओळखलेच नाही! मग त्यांना दिसले, की पहिल्या रांगेतल्या बाईंच्या मांडीवर शाईचे डाग पडलेला शर्ट आहे. तिच्या शेजारणीने खिडकीचा पडदाच घडी करून आणला होता. आणि मधोमध, चार दिवसांसाठी लेकीकडे आलेल्या सासूबाई, मांडीवर तेलकट शाल घेऊन बसल्या होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "हा डाग जपानी पद्धतीनं जाईल ना?"

चष्मेवाल्यांनी दाराकडे पाहिले. दारावर सेक्रेटरींच्या हातची सूचना होती: 'जपानी पद्धतीने कपडे धुण्याची कला. माहितीपट. सहकुटुंब यावे. शंका विचारता येतील.'

"अहो, हे काय लिहिलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना लाँड्रीवर आहे म्हणून?" सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "नुसता सिनेमा म्हटलं असतं तर कुत्रं फिरकलं नसतं. लावा आता, लोक खोळंबलेत."

बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने ती सूचना वाचली होती आणि ती ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती. चष्मेवाल्यांनी देवाचे नाव घेऊन बटण दाबले.

पहिला प्रसंग ठीक गेला. लाँड्रीवाला चादर झटकत होता. "बघा, झटकतोय कसा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडं कोणी झटकतच नाही." मग दोरीवरचा एक मोजा मान वर करून रडू लागला, आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजीत पहिली ओळ उमटली: 'कॅप्टन, शत्रूचं जहाज दिसतंय.'

मोज्याने दुसरा हुंदका दिला. 'पाणबुडी खाली घ्या,' ओळ म्हणाली.

चष्मेवाल्यांच्या तोंडचे पाणी पळाले. कुणीतरी दुसऱ्याच कुठल्यातरी युद्धाच्या सिनेमाच्या ओळी या सिनेमाला चिकटवल्या होत्या. त्यांनी घाईघाईने ओळी बंद केल्या. आता नुसती जपानी भाषा उरली. मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. शाईच्या शर्टवाल्या बाई शर्टाची घडी घालू लागल्या.

"अहो, काहीतरी करा," सेक्रेटरी कानाशी लागले. "माझी अब्रू जायची वेळ आलीय."

चष्मेवाल्यांना सेक्रेटरींच्या अब्रूचे काही नव्हते. पण तिसऱ्या रांगेत बायकोने पर्स उचलून मांडीवर घेतली होती, आणि पर्स मांडीवर आली की ती उठते, हे त्यांना संसाराने शिकवले होते. ती उठली असती, तर तो सिनेमा कायमचा संपला असता. त्यांनी झडप घालून सूचना द्यायचा माइक उचलला.

"मंडळी, थांबा! मी भाषांतर करून सांगतो."

"तुम्हाला जपानी येतं?" सेक्रेटरींनी डोळे विस्फारले.

"या सिनेमापुरतं येतं," चष्मेवाले म्हणाले.

त्याच वेळी पडद्यावर यंत्राचे झाकण उघडले आणि भूत बाहेर आले. हॉलमध्ये दोन किंकाळ्या उठल्या. भुताने टॉर्च लावली, तोंड उघडले, आणि चष्मेवाल्यांच्या डोक्यात एकदम रिकामा खडखडाट झाला. भूत बोलत होते, माणसे त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बायको नवऱ्याला शोधत आलीय, ती काय म्हणेल? घाबरलेल्या माणसाला जे पहिले सुचते तेच त्यांना सुचले.

"अहो!" चष्मेवाले बारीक आवाजात म्हणाले. "कुठं उलथलात? मी मेले तरी गिझर बंद करायला मीच यायचं का?"

हॉल खदखदून हसला. सेक्रेटरी पण हसले. भूत सिंकखाली वाकले.

"चष्मा शोधताय? डोक्यावर आहे तो! चष्म्याचं दुकान आपलं, आणि..." इथे त्यांची जीभ चावली गेली. "म्हणजे, लाँड्री आपली, आणि घरात एक रुमाल धड नाही!"

आता लोक मांड्या बडवून हसत होते. भूत जे जे करी त्याला चष्मेवाल्यांकडे तयार वाक्य होते. स्वतःचे असे त्यांना एकही सुचत नव्हते. पंचवीसएक वर्षे कानावर पडलेली वाक्येच धडाधड बाहेर येत होती, त्याच सुरात, त्याच उसाशासकट. सासूबाईंनी शाल बाजूला ठेवली आणि त्या मागे वळून लेकीकडे बघू लागल्या. मग एकेक करून अख्खी इमारत लेकीकडे बघू लागली.

बायको उठली. पर्स खांद्याला लावून ती पुढे आली.

"द्या इकडं," ती म्हणाली.

"अगं, मी आपलं सहज..."

"द्या म्हणते ना. ती असं बोलणार नाही." तिने माइक घेतला, पडद्याकडे पाहिले, आणि भुताने पुढचे वाक्य उच्चारले तशी ती म्हणाली, "मी बोलते ते सगळ्यांना ऐकू जातं. मी गप्प बसते तेव्हा काय म्हणत असते, ते ऐकलंय का कधी?"

"ऐ शाब्बास!" सासूबाई ओरडल्या.

पुढे जे झाले ते इमारतीने आधी कधी पाहिले नव्हते. माइक एकच, तोंडे दोन. भूत बायकोचे, लाँड्रीवाला चष्मेवाल्यांचा. ओव्हरकोट नाचत होता, टाय बड्या साहेबाला फरफटत समुद्राकडे नेत होता, आणि या दोघांचे जुंपले होते.

"दिवसभर दुकानात असतो मी! गंमत करतो का?"

"आणि घरी आल्यावर? मोजे! उठता बसता मोजे! माझी विचारपूस कधी करता?"

"विचारतो की! बरी आहेस ना, विचारतो!"

"'बरी आहेस ना' ही विचारपूस नाही. तो निकाल आहे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. काही नवरे छताकडे बघू लागले. डागांची शंका आता कुणालाच नव्हती.

सिनेमा शेवटाकडे आला. गावातल्या कपड्यांनी मिळून लाँड्रीवाल्याला इस्त्रीखाली घातले, कागदासारखा चपटा केला आणि दोरीवर वाळत टाकला. वारा सुटला. तो चिमट्यांना लोंबकळत फडफडत होता. भूत टॉर्च घेऊन दोरीपाशी आले. हाच तो प्रसंग. भुताने एकेक चिमटा काढला, त्याला हातांवर घेतले, हळुवारपणे त्याची घडी घातली, आणि त्याच्याकडे बघत ते लांबलचक वाक्य बोलले.

माइक बायकोच्या हातात होता. वाक्य संपले. तिने एकदा शेजारी पाहिले. चष्मेवाले नेहमीप्रमाणे रडत होते, चष्मा हातात घेऊन, नाक ओढत.

"चला," ती हलकेच म्हणाली. "वाळलात आता."

भुताने घडी छातीशी धरली आणि यंत्रात शिरून झाकण लावून घेतले. हॉलमध्ये कुणी तरी मोठ्याने नाक शिंकरले. ते सेक्रेटरी होते.

माणसे पांगत होती, खुर्च्या आवरल्या जात होत्या, तेवढ्यात दाराशी उभी असलेली एक मुलगी पुढे आली. नुकतीच तळमजल्यावर राहायला आली होती, कुठल्याशा कंपनीत दुभाषी होती. कामावरून येता येता हसण्याचा आवाज ऐकून ती आत डोकावली होती.

"काका, काकू, काय धमाल केलीत तुम्ही!" ती म्हणाली. "मला जपानी येतं, पण मुद्दाम मध्ये बोलले नाही. मजा गेली असती."

चष्मेवाल्यांनी तिचा हात धरला. "बाळ, ते शेवटचं वाक्य. ती त्याला काय म्हणाली?"

मुलगी घुटमळली. "सांगू का? तुम्हाला वाईट वाटेल."

"सांग. अर्धं आयुष्य वाट बघितलीय."

"काका, ती त्याची बायको नाहीच आहे. ती नगरपालिकेची बाई आहे. पाण्याचं मीटर तपासायला आलेली असते, आणि यंत्रात पडून बुडते. म्हणून तर टॉर्च घेऊन सारखी नळाखाली वाकते. आणि शेवटी म्हणते, 'मीटर सापडत नसल्यामुळे, नियमानुसार, मला मालकालाच ऑफिसात जमा करावं लागेल.'"

चष्मेवाले जिना चढले ते दोन माणसांचे ओझे घेऊन चढल्यासारखे. घरी आल्यावर ते खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. सासूबाईंनी आतून डोकावून पाहिले आणि लेकीला डोळ्यांनीच काहीतरी सांगून त्या परत आत गेल्या.

"मीटर," चष्मेवाले शेवटी म्हणाले. "मीटर शोधत होती ती. आणि मी येड्यासारखा रडत होतो."

बायकोने पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला आणि ती शेजारी बसली.

"नेलं ना पण त्याला?"

"ऑफिसात नेलं."

"कुठंही नेऊ दे. आख्खं गाव त्याला दोरीवर टाकून निघून गेलं. तिचं काय अडलं होतं? मीटर नाही सापडलं असं सांगून घरी गेली असती. एवढी नीट घडी घातली तिनं त्याची. चुरगळू नये म्हणून कोपरे जुळवले. नगरपालिकेत असं कुणी करत नाही."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिले. हा मुद्दा त्यांच्या लक्षात आला नव्हता.

"मग तुला आवडला?" त्यांनी जीव मुठीत धरून विचारले.

"छे! भयंकर सिनेमा आहे. शेंडा ना बुडखा." ती उठली, आत जायला निघाली आणि दारात थबकली. "तो ओव्हरकोट मात्र. त्याला मुंडकं नव्हतं, तर तो शिंकला कसा?"

"शिंकला?" चष्मेवाले एकदम ताठ बसले. "कधी शिंकला?"

"बघा! इतकी वर्षं बघताय आणि ते दिसलं नाही. टाय समुद्रात शिरतो तेव्हा मागं कोपऱ्यात."

"नाही गं, तो नाचत असतो तिथं."

"नाचत नसतो, शिंकत असतो. पैज लावा." ती परत येऊन बसली आणि रिमोट तिने त्यांच्या हातात दिला. "लावा तो सिनेमा. सुरुवातीपासून लावा. आई, बाहेर ये गं, हे काय म्हणतायत ऐक!"