करडीचं चूलबंद आवतन

आपल्या मित्रांचं काय चाललंय, याची माझ्याइतकी पक्की खबर साऱ्या लाखनीत कोणाकडे नसल! छाती ठोकून सांगतो. लोक फोन करतात, भेटायला जातात, बसचे धक्के खातात. मला त्यातलं काहीच करावं लागत नाही. माझ्याकडे फीड रीडर आहे!

फीड रीडर म्हणजे काय, तर ज्या-ज्या मित्राचा ब्लॉग असल, त्याचा पत्ता त्यात एकदा टाकून ठेवायचा. त्यानं नवीन काही लिहिलं की ते आपोआप आपल्याकडे येते. दूधवाला पायरीवर दूध ठेवून जाते न, तसं! आपण चहा पीत-पीत वाचायचं. मित्राला पत्ताही लागत नाही.

आम्ही चौघं डी.एड.पासूनचे दोस्त. पुढं मास्तर झालो, आणि मास्तरांच्या संगणक प्रशिक्षणात तिघांनी ब्लॉग काढले. करडीचा कैलाश, कोंढ्याचा वीरेंद्र आणि तुमसरचा कुलदीप. मी काढला नाही. सगळेच लिहाले बसले तर वाचल कोण?

पण खरं सांगायचं तर धंदा जरा मंदावला होता. वीरेंद्रनं बारा वर्षांपूर्वी लिहिलं, "उद्यापासून नियमित लिहीन!" तो उद्या अजून उगवायचा आहे. कुलदीपचा ब्लॉग कोण्या भामट्यानं बळकावला, आता त्यावर इंग्रजीतून वजन घटवायच्या गोळ्या विकतात. मी त्याही वाचतो. मित्राचं घर आहे, भाडेकरू कोणी का असेना! आणि कैलाश सहा वर्षांपासून चूप. घरात मी एकटा. बायको, दीपमाला, नातीला सांभाळायला दोन महिन्यांसाठी पुण्याला गेली, त्याला आता दोन वर्षं झाली. रोज सकाळी फीड रीडर उघडायचो. नवीन लेख : शून्य. मग पुन्हा उघडायचो. मघा नीट उघडलं नसल, म्हणून.

आणि एका गुरुवारी उघडलं तर काय! कैलाशचे नवीन लेख : सत्तेचाळीस!

चष्मा पुसला. सत्तेचाळीसच! मी एकटाच ओरडलो, "आला रे माझा गडी!" सगळ्यात वरचा लेख उघडला :

"रक्षाचं साक्षगंध जमलं. येत्या रविवारी दुपारी बारा वाजता, घरीच. कोणाले फोन करणार नाही. जो वाचत असल, त्यानं यावं. चूलबंद आवतन आहे."

डोळ्यांत पाणीच आलं हो! दोस्ताच्या पोरीचा साखरपुडा! चूलबंद आवतन म्हणजे आमच्याकडचं मोठ्या मानाचं. साऱ्या घरानं जेवायला यायचं, घरी चूल पेटवायची नाही. बाकीचे शेहेचाळीस लेख मी उघडलेच नाहीत. एका दमात संपवले तर मग वाचायचं काय?

रविवारी सकाळी शेजारच्या शकुनबाई कुंपणावरून डोकावल्या. "काहो भाऊजी, आज कुकरची शिटी नाही वाजली?"

"चूलबंद आवतन आहे न! करडीले चाललो, दोस्ताच्या पोरीचं साक्षगंध."

"एक फोन तर करून पहा."

"फोन? कायले? सारं लेखी आहे!"

निकेशच्या, म्हणजे आमच्या पोराच्या, लग्नातला कोट अंगात घातला. बटन लागेना, पोट आत ओढून लावलं. आहेर म्हणून सहा लिटरचा कुकर घेतला आणि निघालो. आधी भंडारा, मग दुसरी बस, मग आटो. एप्रिलचं ऊन, अंगात कोट, मांडीवर कुकर आणि पोटात फक्त चहा! वाटेत समोश्यांचा वास आला. पण मी मागं हटलो नाही. चूलबंद म्हणजे चूलबंद!

कैलाशच्या दारात मंडप नाही, खुर्च्या नाहीत. म्हटलं, साधेपणानं करत असल. कडी वाजवली. एका बाईनं दार उघडलं, कडेवर चारेक वर्षांची पोरगी.

"रक्षा कुठं आहे, बेटा? नवरी?"

"मीच रक्षा!"

मी तिच्याकडं पाहिलं. मग कडेवरच्या पोरीकडं पाहिलं. साक्षगंधाआधीच लेकरू! पण मी पडलो सुधारक विचाराचा मास्तर! कुकर तिच्या हातात देत म्हटलं, "काही हरकत नाही, बेटा. आजकाल चालते. पाहुणे राजी आहेत न?"

"कोणते पाहुणे? काका, तुम्ही कोण?"

"अवो बाई, घाबरू नको! लेकराची गोष्ट मी कोणाले सांगत नाही!"

"बाबाऽऽ!" ती किंचाळली.

आतून कैलाश बनियनवर बाहेर आला. केस पार पांढरे. मला पाहून थबकला.

"बाबूलाल? तू? अन् हा कोट कायचा बे?"

"साक्षगंध आहे न?"

"कोणाचं?"

"तुझ्या पोरीचं! तूच तर लिहिलं!"

कैलाश मटकन ओट्यावर बसला. "लेका, त्याले सहा वर्षं झाले."

मग उलगडा झाला. रक्षा माहेरी आली होती आणि तिनं बापाचा बंद पडलेला ब्लॉग नव्यानं मांडला. सगळे जुने लेख पुन्हा चढवले, त्यांवर बुधवारची तारीख पडली आणि माझ्या फीड रीडरनं ते मला ताजे म्हणून वाढले. रक्षा पदर तोंडाला लावून हसत होती. तिची पोरगी कुकरचं झाकण वाजवत होती. कैलाश मात्र हसला नाही.

"मी कोणालेच फोन केला नोता," तो म्हणाला. "म्हटलं, पाहू तरी, आपलं कोण वाचून राहिलं. तिघांत एक तरी येईल. दोन वाजेपर्यंत पाट मांडून ठेवला होता. कोणी नाही आलं. मंग कोणासाठी लिहू? सोडलं."

"मी वाचत होतो न! तुझ्या शेतातल्या बोडीच्या पाण्यात सारस उतरले तो लेख, तुझ्या मायनं रेडिओले हळदीकुंकू वाहिलं तो... दोन्ही पाठ आहेत मले!"

"मंग बोलला काहून नाही? एक कमेंट? एक ओळ?"

"फीड रीडरमधी कमेंटची जागा नसते."

"फोनमधी होती का नाही?"

मी कोटाच्या बाहीनं चष्मा पुसायला लागलो. पण तो सोडतो थोडाच!

"अन् साक्षगंधाचा लेख? तो वाचला होता?"

आता खरं सांगणं भाग होतं. त्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं महिनाभर स्क्रीन बंद केली. पट्टी सुटल्यावर पाहिलं, तर सगळ्या ब्लॉगांचे मिळून तीनशे बारा लेख साचलेले, बहुतेक वजनाच्या गोळ्यांचेच! तिथं एक बटन असते, 'सगळे वाचले' म्हणून. ते मी दाबलं. एका बोटात तीनशे बारा लेख वाचून झाले.

हे सांगता-सांगता मी कोटाचं बटन सोडून टाकलं. मला खूप वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी पोटात कावळे कोकलत होते. त्यांचा आवाज त्यानं ऐकला असावा.

"जेवला?"

"चूलबंद आवतन होतं न."

तवा कुठं तो हसला. हसता-हसता डोळे पुसले. आत ओरडला, "अवो रुखमिणी! साक्षगंधाचा एक पाहुणा राहिला होता, तो आला! पाट मांड!"

वहिनींनी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला. मी चारदा भात घेतला. कुकर मात्र पोरीनं सोडला नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी फीड रीडर उघडला. नवीन लेख : एक! लेखाचं नाव, 'उशिरा आलेला पाहुणा'. कोटाचं बटन, कुकर, चार वेळचा भात, काहीच सोडलं नव्हतं मेल्यानं! या वेळी मी कसम खाल्ली, कमेंट करायचीच. ब्लॉग उघडला, चांगल्या सहा ओळी लिहिल्या आणि पाठव म्हटलं. तर यंत्र म्हणते, आधी तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, ज्या चित्रांत शिडी दिसते ती निवडा. निवडली. चूक! मग बस निवडल्या. चूक! तिसऱ्यांदा त्यानं मला बाहेरच काढलं, आणि सहाही ओळी गेल्या.

शेवटी फोन लावला.

"कैलाश, वाचलं रे."

"मंग कमेंट कुठं आहे?"

"काय सांगू बा! ते यंत्र म्हणते, मी माणूसच नाही!"

"मी सहा वर्षांपासून तेच म्हणून राहिलो!"