बुऱ्हाणपूरचा अख्खा समाज

"आमच्या समाजात यावर दोन मतं आहेत," असं हायमभाऊ आवासकर म्हणाले की नवखा माणूस आदरानं गप्प बसायचा. त्याला वाटायचं, यांच्यामागे चारशे घरं तरी असतील. प्रत्यक्षात बुऱ्हाणपुरात यहुद्याचं घर एकच होतं, बुधवारा मोहल्ल्यात, आमच्या भिंतीला भिंत लावून. आणि त्या घरात भाऊ एकटे राहायचे. दोन्ही मतं त्यांचीच. सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं.

भाऊ मूळचे कोकणातले बेने इस्राएल. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून आले आणि तापीचं पाणी मानवलं म्हणून राहिले. आडनाव ऐकून निम्मी गल्ली त्यांना ब्राह्मण समजायची, त्यामुळे सत्यनारायणाचं पहिलं आमंत्रण त्यांना. भाऊ जायचे. हात मात्र जोडायचे नाहीत. "समाजाची परवानगी नाही," म्हणायचे आणि वाटी पुढं करायचे. "शिऱ्याबद्दल समाज काही बोललेला नाही."

शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा वार; त्या दिवशी त्यांच्या घरात विस्तव पेटत नसे. मग सकाळीच आमच्या दारात उभे राहून आढ्याकडं बघत बोलायचे, "वहिनी, चाय टाका असं मी काही म्हणत नाही."

"मी बी काही ऐकलं नाही, भाऊ," म्हणत माझी बायको कप हातात द्यायची.

खानेसुमारीचा माणूस आला, तेव्हा त्यानं विचारलं, "आपके समाज के कितने लोग हैं शहर में?" भाऊंनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "सब यहीं बैठे हैं."

पुढं छप्पन साली राज्यांची फेरआखणी झाली, आमची नागपूरची राजधानी सुटली आणि आम्ही भोपाळला जोडले गेलो. गल्लीतला जो तो मराठी माणूस 'आता आपलं कसं होणार' म्हणून कपाळाला हात लावून बसला. भाऊंना भारी मजा वाटली. "अहो, अल्पसंख्य होणं काही अवघड नाही," ते म्हणाले. "या माझ्याकडं, शिकवतो."

पण तिकडं मुंबई-कोकणातले त्यांचे लोक भराभर इस्राएलला निघाले होते. कुणाची बहीण गेली, कुणाची अख्खी आळीच गेली. शेवटी त्यांचा एकुलता एक मुलगा डॅनियल मुंबईहून त्यांना सोबत इस्राएलला न्यायला आला. मी ओसरीवरच होतो.

"बाबा, तिकडं आपली माणसं आहेत. इथं तुमच्यानंतर काय?"

"मी गेलो तर बुऱ्हाणपूरचा समाज एका तिकिटात उठून जाईल," भाऊ म्हणाले. "अध्यक्षाला हे शोभत नाही."

"कसले अध्यक्ष!"

"जेमतेम निवडून आलोय रे. विरोध फार होता."

मी हसलो. डॅनियल हसला नाही. "मी पोरांना सांगून आलोय, आजोबा येतायत म्हणून. आता त्यांना हा विनोद सांगू?"

दुपारच्या गाडीनं तो गेला. गाडी हलली तरी खिडकीत आला नाही. पोरांसाठी आणलेली केळ्यांची फणी भाऊंच्या हातातच राहिली.

पुढच्या शुक्रवारी भाऊ म्हणाले, "चला, निंबोल्याला जाऊन येऊ." टांग्यानं आम्ही त्या खेड्याकडं निघालो. किसन पाटलाचा केळीचा मळा आला. पाटील त्यांचा जुना दोस्त. त्यानं आम्हाला पाहिलं आणि म्हणाला, "बसून घ्या भाऊ वहिनीजवळ. मी चाय सांगतो."

मळ्याच्या टोकाला, बांधालगत एक साधा दगड होता. भाऊंची बायको सेराबाई. आम्ही गल्लीत येण्याआधीच त्या वारल्या होत्या. मुंबईपर्यंत नेणं जमलं नाही, म्हणून पाटलानं हा कोपरा दिला होता. मला हे आजवर ठाऊक नव्हतं.

भाऊंनी पालापाचोळा बाजूला केला आणि शेजारी मांडी घातली. "डॅनियल येऊन गेला," ते दगडाला सांगू लागले. "मजेत आहे. पोरं मोठी झाली. नाही नाही, रागावला वगैरे नाही."

मी केळीच्या पानांकडं बघत राहिलो.

"हिला कुणाच्या भरवशावर सोडून जाऊ?" ते माझ्याकडं वळून म्हणाले. "एवढ्या मुलुखात हिचं आपलं माणूस दुसरं कोण आहे?" मग उठून त्यांनी दगडाच्या डावीकडची जागा दाखवली. "आमच्यात मयताला न्हाऊ घालायला, खांदा द्यायला आपलीच माणसं लागतात. ती आता इथं नाहीत. म्हणून तुम्हाला दाखवून ठेवतो. इथं. पाय पश्चिमेला, जेरुसलेमकडं."

"आणि प्रार्थना?" मी विचारलं. "ती आम्हाला कुठली येणार?"

"ती मी अधूनमधून आधीच म्हणून ठेवतो."

उगीच वाकून मी माती हातात घेतली. "मऊ आहे," म्हणालो.

"केळीची माती. पाटील पाणी सोडतो ना," भाऊ म्हणाले. बांध उतरताना त्यांनी आधारासाठी माझा हात धरला, आणि टांग्यापर्यंत सपाट रस्ता होता तरी सोडला नाही.