स्पीकरसाठी आठ लाल गाद्या

राजूरकरांच्या घरी स्पीकर येणार म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हती! नंदकिशोरराव राजूरकर पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं ज्या बारकाईने त्यांनी फायली पाहिल्या, त्याच बारकाईने त्यांनी सहा महिने स्पीकर पाहिले. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, वहीत टिपणं काढायचे आणि जेवताना बायकोला सांगायचे, "रत्ना, या अख्ख्या यवतमाळात आवाज कळणारा माणूस एकच आहे. नाव सांगू का?"

"नका सांगू. पोळी घ्या," रत्नप्रभाबाई म्हणायच्या.

शेवटी नागपूरच्या एका दुकानात त्यांनी जोडी निवडली. जमिनीवर उभे राहणारे, कमरेच्या वर येणारे दोन स्पीकर! आधी तीन महागड्या जोड्या त्यांनी हळहळत ऐकल्या, चौथी खिशाला झेपणारी निघाली. टरबूज पारखावं तसे दोन्ही खोके बोटांनी वाजवून पाहिले. आवडले नाहीत तर दहा दिवसांत परत घेईन, असं दुकानदार म्हणाला. तेव्हा नंदकिशोरराव हसले. "परत? अहो, कान पाहा ना कोणाचे आहेत!"

घरी आणून जोडले, खुर्ची बरोबर मधोमध ठेवली आणि सनईची सीडी लावली. आवाज सुटला, फरशीवर आपटला, शोकेसच्या काचेत शिरला, तिथल्या कपबशा थरथरवून बाथरूममधून परत आला. सनई एकच होती, पण ऐकू चार येत होत्या, आणि चौघींचं आपसात अजिबात पटत नव्हतं!

"हे तं मोरीत भांडे पडल्यावानी वाटून राह्यलं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "याच्यापेक्षा माहा स्वयंपाकघरातला रेडिओ बरा."

"जरा बसवावं लागतं गं त्यांना!"

"बसवा. रविवारी संध्याकाळी मी इथं येऊन बसते. रेडिओत अन् याच्यात मले फरक जाणवला तर राहतील. नाई जाणवला तर सोमवारी ज्याचे त्याच्या घरी."

रत्नप्रभाबाई एकदा बोलल्या की बोलल्या. जन्मभर नंदकिशोररावांनी घराचे पत्रे घेतले, पोरीची सायकल घेतली, सगळ्यांसाठी सगळं घेतलं. स्वतःसाठी, फक्त स्वतःच्या सुखासाठी घेतलेली ही पहिलीच वस्तू होती, आणि ती हातची जाणार या विचाराने त्यांना खरोखर वाईट वाटलं.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, स्पीकर चांगले आहेत, तुमची खोली खराब आहे. भिंतींना मऊ काहीतरी लावा, म्हणजे आवाज घुमणार नाही. आमच्याकडे फोमच्या पट्ट्या आहेत." पट्ट्यांचा भाव ऐकून नंदकिशोररावांचा आवाज चढला. "आम्ही कापसाच्या जिल्ह्यात राहतो हो! यवतमाळच्या माणसानं मऊपणा नागपूरहून विकत आणायचा?"

फोन ठेवून ते तडक निजामुद्दीनभाईंच्या गादी कारखान्यात गेले. "भाई, आठ गाद्या भरून द्या. नव्या कापसाच्या. जाड. अन् शनिवारच्या आत."

निजामुद्दीनभाईंनी पिंजायचं यंत्र बंद केलं, चेहऱ्यावरची रुई पुसली आणि आत बायकोकडे पाहून म्हणाले, "सईदा, सुनती हो? साहेबले आठ पाहिजेत!" मग इकडे वळून, हसून, "अभ्रे कोनते लावू? सीझन हाय, लाल कापड तयार हाय."

"लाल लावा. मला काय, आवाज सुधारला म्हणजे झालं."

त्यांचं हे वाक्य यंत्र पुन्हा सुरू झाल्यामुळे कोणी ऐकलंच नाही.

आता तुम्हीच विचार करा. तुळशीचं लग्न आटोपलेलं. घरात लग्नाची मुलगी अनघा, एकोणतीस वर्षांची, बँकेत नोकरीला. आणि बापाने एका दमात आठ नव्या लाल गाद्या सांगितल्या! आपल्याकडे पाहुणे मांडवात नंतर येतात, गाद्या आधी येतात. एवढ्यावर कोणीही मंगल कार्यालयाची तारीख विचारली असती. निजामुद्दीनभाई मात्र अदबीचे. साहेब आपणहून सांगत नाहीत तर आपण कशाला विचारायचं, म्हणून गप्प राहिले. शुक्रवारी गाद्या हातगाडीवर चढवल्या आणि वर जरीचा गोटा लावलेले, तलम अभ्र्यांचे दोन लोड ठेवले.

"हे मी सांगितले नव्हते, भाई."

"हे आमच्या घरातून, साहेब. मुबारक हो! खुशी की बात हाय."

नंदकिशोररावांना गहिवरून आलं. स्पीकर आणल्यापासून अभिनंदन करणारा हा पहिला माणूस! "भाई, तुम्हाला कळलं. आमच्या घरात कोणाला किंमत नाही," ते म्हणाले.

निजामुद्दीनभाई जरा चमकले, पण अदबीने मान हलवून राहिले.

हातगाडी ओढत होता देवीलाल, मूळचा फुलसावंगीचा. गाडी भर बाजारातून, आठ गाद्यांचा लाल डोंगर मिरवत निघाली. मागे स्कूटरवर नंदकिशोरराव, विजयी मुद्रेने. घरी त्यांनी पडद्यांच्या खिळ्यांना दोऱ्या बांधून सहा गाद्या भिंतीला उभ्या केल्या, दोन शोकेसपुढे, आणि लोड दोन कोपऱ्यांत कोंबले. मग खिडक्या सताड उघडून सनई लावली.

काय सांगावं! चार सनयांची एक झाली. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येऊ लागला. नंदकिशोररावांनी तीच सीडी शुक्रवारी तीनदा आणि शनिवारी सकाळी दोनदा लावली, आवाज वाढवून. गल्लीत ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीही फिटली. शेजारच्या काकू अनघाकडे पाहून गालात हसल्या. कोपऱ्यावरच्या बँडवाल्या बादलने तर दारात आपलं कार्ड टाकून ठेवलं!

शनिवारी दुपारी दारात ऑटो थांबला. आधी तुरीच्या डाळीचं पोतं उतरलं, मग साड्यांची पिशवी, आणि मग धोतराचा सोगा सावरत बबनराव. रत्नप्रभाबाईंचे मोठे भाऊ, फुलसावंगीचे.

नंदकिशोररावांच्या हातून रिमोट पडला. या भावा-बहिणीत चार वर्षं बोलणं नव्हतं! बबनरावांच्या मुलाच्या, क्षितिजच्या लग्नपत्रिकेत आत्याचं, म्हणजे रत्नप्रभाबाईंचं नावच नव्हतं. त्या लग्नाला गेल्या नाहीत आणि त्या दिवसापासून फुलसावंगीचा विषय या घरात बंद झाला होता. रात्री कधी भावाबरोबरचा जुना फोटो काढून बसायच्या, एवढंच.

"जवाई, भाचीचं लगन हाय अन् मामाले पत्ता नाई?" बबनराव पोतं दाराच्या आत ओढत म्हणाले. "देवीलालनं फोन केलता म्हणून समजलं. पत्रिकेत नाव नाई टाकलं तं समजू शकतो, पन मले तं पत्रिकाच नाई! तरी आलो. पोरीले मांडवात मामा नाई आनणार तं कोन आनन?"

"बबनराव, अहो, ते लग्न नाही, ते तर..." नंदकिशोरराव सुरू झाले, तोच रत्नप्रभाबाईंनी पाठीमागून असा चिमटा काढला की वाक्य तिथेच संपलं.

"जेवल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाई," त्या कानाशी पुटपुटल्या. "समजलं तं तो असाच परत जाईन. चार वर्षांनी आला माहा भाऊ!" त्यांचे डोळे भरले होते.

नंदकिशोरराव पेचात पडले. नवरदेवाशिवाय लग्न किती वेळ निभवायचं?

"जागा कोनती हाय?" बबनरावांनी विचारलं.

"चांगली आहे... म्हणजे पाहून राह्यलो."

"पोरगा काय करते?"

"तेही पाहून राह्यलो!"

बबनराव हॉलमध्ये शिरले आणि थांबले. चहूकडून लाल गाद्या त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी एक दाबून पाहिली. "जवाई, गाद्या भिंतीले काहून? पाहुने उभ्यानं झोपतीन का?"

तेवढ्यात अर्धा दिवस भरून बँकेतून अनघा आली. मामाला पाहून धावत गेली, पाया पडली. मामाने हातात साडी ठेवली, डोक्यावर हात ठेवला, "सुखाचा संसार कर" म्हणाले.

"कोणाचा संसार मामा? या गाद्या तर बाबांच्या स्पीकरच्या आहेत!"

खोलीत शांतता पसरली. गाद्यांमुळे ती जरा जास्तच गाढ होती.

"स्पीकरच्या," बबनराव सावकाश म्हणाले. "म्हणजे मी एश्टीत उभ्यानं आलो, डाळ घेऊन, दोन डब्यांसाठी." त्यांनी पिशवी उचलली.

"थांब!" रत्नप्रभाबाई दारात आडव्या आल्या. "लगन हाय म्हणून आला, अन् बहीण जिवंत हाय म्हणून कधी आला नाई?"

"तू आलती का क्षितिजच्या लग्नात?"

"माहं नाव होतं का पत्रिकेत?"

"ते प्रेसवाल्यानं गाळलं!"

"अन् तपासली कोनं होती?"

नंदकिशोरराव या दोघांच्या मध्ये, आपल्या त्या खास खुर्चीत जाऊन पडले होते. डावीकडून भाऊ, उजवीकडून बहीण! चार वर्षांचं साचलेलं भांडण, पण एक शब्द घुमत नव्हता, एक शब्द दुसऱ्यावर चढत नव्हता. एवढं स्वच्छ भांडण त्यांनी लग्नानंतर पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि अशा वेळीही त्यांच्या मनात आलं की डावी बाजू थोडी जड वाटते.

मग ती डावी बाजू खचली. बबनराव पोत्यावर बसले. "मीच तपासली होती, रत्ना. मीच इसरलो. छापून आल्यावर दिसलं. लाज वाटली म्हणून फोन नाई केला, अन् मंग जितके दिवस गेले तितकी जास्त वाटत गेली."

रत्नप्रभाबाईंनी भावाच्या हातातून पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली आणि डोळे पुसत ताट वाढायला लागल्या. बबनराव राहिले.

रविवार उजाडला. संध्याकाळी निकाल! नंदकिशोररावांनी खुर्ची पुन्हा इंचांत मोजून ठेवली आणि सनई हळू आवाजात लावली. रत्नप्रभाबाई ठरल्याप्रमाणे येऊन बसल्या खऱ्या, पण भावाबरोबर. दोघांनी दोन गाद्या भिंतीवरून काढून खाली अंथरल्या आणि गप्पा सुरू झाल्या. फुलसावंगीची आंब्याची झाडं, आईच्या हातची आंबील, क्षितिजचं बाळ. बाळाचा फोटो दहादा पाहून झाला. एक तास झाला, दीड तास झाला. "आता हा तबला ऐका," असं नंदकिशोररावांनी चारदा म्हणून पाहिलं. कोणी मान वर केली नाही.

बायको हसत होती, खळखळून, पदर तोंडाला लावून. असं हसणं या घरात किती दिवसांनी आलं होतं! नंदकिशोररावांचा ऊर भरून आला. गेले स्पीकर तर गेले, असं त्यांनी मनाशी मोठ्या मनाने ठरवलं, आणि त्या दोघांना एकमेकांचं नीट ऐकू यावं म्हणून गुपचूप बटण दाबून सनई बंद केली.

दोघांच्याही गप्पा एकदम थांबल्या.

"बंद काहून केलं?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "लावा ना. बरं वाटून राह्यलं होतं."

नंदकिशोरराव खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे, म्हणजे तुला फरक जाणवला?"

"जाणवला तं! बंद झाल्याबरोबर जाणवला. राहू द्या ते."

नंदकिशोररावांनी बबनरावांकडे पाहिलं. सहा महिन्यांचा अभ्यास, आठ गाद्या, दोन लोड! निदान या माणसाने तरी एखादा शब्द सुरांबद्दल बोलावा.

बबनरावांनी मान डोलावली आणि मनापासून म्हणाले, "हाव ना, जवाई. एकदम कुलर बंद पडल्यावानी झालं!"

नंदकिशोररावांनी मुकाट्याने सनई पुन्हा लावली. यवतमाळचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांच्या तोंडून याहून मोठी दाद मिळणं शक्य नाही, असं ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. फक्त ती दाद कुलरची होती, हे सांगत नाहीत.